ती सायकल भिंतीवरून उतरवा

कॅफेच्या भिंतीवर किंवा ऑफिसच्या लॉबीत जुनी इटालियन रेसिंग सायकल टांगलेली दिसली की माझा जीव कासावीस होतो. टायरमध्ये हवा नाही, चेन कोरडी ठणठणीत आणि लोक खाली उभे राहून फोटो काढतायत. ती सुंदर आहे यात वादच नाही. पण पळण्यासाठी बांधली म्हणून ती तशी दिसते. तिला पळवलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

नुसती फ्रेम बघा. १९७०-८० च्या काळातल्या कितीतरी उत्तम इटालियन फ्रेम मिलानच्या ‘कोलंबस’ कंपनीच्या नळ्यांपासून बनल्या. त्यातली ‘एसएल’ नळी टोकांना ०.९ मिलिमीटर जाड आणि मध्ये फक्त ०.६. जिथे जोड येणार आणि गॅसची आच लागणार तिथे धातू जास्त, बाकी ठिकाणी वजन कमी. नखाने टिचक्या मारत गेलात तर टोकाचा आवाज वेगळा आणि मधला वेगळा येतो. नळ्या जिथे भेटतात तिथे ‘लग’, म्हणजे पोलादी जोड असतो. नळ्या त्यात बसवून पितळेची किंवा चांदीची झाळ आत ओढून घ्यायची. मग कारागीर लगची कड कानशीने इतकी पातळ करतो की रंगावरून बोट फिरवलं तर ती लागते न लागते. माझ्या सायकलच्या, म्हणजे इटालियन ‘कोल्नागो’च्या, लगवर किलवरचं छोटं पान आहे. १९७० साली मिकेले दान्चेल्लीने मिलान-सान रेमो ही शर्यत जिंकली, त्यानंतर सायकल बांधणाऱ्या एर्नेस्तो कोल्नागोने ही खूण घेतली. माझ्या सायकलचा रंग वरच्या नळीवर उडालाय आणि तो तसाच राहणार. जुन्या फ्रेमला चकाचक नवा रंग मारणं मला अजिबात पटत नाही.

गियरच्या लिव्हर खालच्या नळीवर. क्लिक वगैरे काही नाही. एक हात हँडलवरून काढून खाली न्यायचा, लिव्हर ओढायची, चेन खरखरली की केसभर मागे सोडायची. खरखर थांबली की गियर बसला. चढ सुरू व्हायच्या आधीच डोकं चालवावं लागतं आणि मला हेच फार आवडतं.

‘स्टील जड असतं हो’ असं हमखास ऐकायला मिळतं. असतं ना! आजच्या कार्बनच्या सायकलपेक्षा दोन-तीन किलो सहज जास्त. पण १९७२ साली मेक्सिको सिटीत बेल्जियमचा स्वार एडी मर्क्स एका तासात ४९.४३१ किलोमीटर गेला, हा तेव्हाचा विक्रम, तो कोल्नागोने बांधलेल्या स्टीलच्याच सायकलवर. २०००मध्ये ब्रिटिश स्वार ख्रिस बोर्डमनने जुन्या पद्धतीच्या सायकलवर, त्याच नियमांत तो विक्रम मोडला. किती अंतराने? १० मीटरने. मधली २८ वर्षं लक्षात घ्या, आणि मग वजनाबद्दल बोलू.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती दुरुस्ती. नळी चेपली तर फ्रेम बांधणारा जुनी झाळ वितळवून ती काढतो आणि नवी बसवतो. कार्बनचीही दुरुस्ती होते, पण तो वेगळ्या कारागिराचा प्रांत. इथे हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडा, छर्रे धुवा, ग्रीस भरा, छर्रे धरणारे निमुळते ‘कोन’ बेताने आवळा, की चाक पुन्हा लोण्यासारखं फिरतं. ‘कंपान्योलो’ या इटालियन कंपनीचे ५० वर्षांपूर्वीचे हब आजही असे चालतात. ती काढणाऱ्या तुल्लिओ कंपान्योलोची गोष्ट इटलीत सगळे सांगतात. १९२७ साली क्रोचे द’आउने घाटात, बर्फात, बोटं गारठल्यामुळे त्याला चाकाचे नट सुटेनात आणि शर्यत हातची गेली. त्यातूनच झटक्यात चाक काढणारी लिव्हर आली. आज पुण्या-नाशिकच्या कितीतरी गियरच्या सायकलींवर तीच लिव्हर आहे.

इटलीतल्या टस्कनीत गायोले इन किआन्ती इथे १९९७पासून ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची रपेट भरते. पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर, १९८७च्या आधीच्याच सायकली, लिव्हर खालच्या नळीवर, पायडलला पट्टे, ब्रेकच्या केबल हँडलबाहेर. धूळ, चिखल, पंक्चर, सगळं होतं. त्या सायकलींना शोभणारा खरा मान हाच. इटलीतल्याच गिझाल्लोच्या टेकडीवरच्या छोट्या चर्चमध्ये मोठमोठ्या स्वारांच्या सायकली टांगलेल्या आहेत. तिथे माझी काही तक्रार नाही, ते देऊळच आहे सायकलवाल्यांचं.

तर, कुणाकडे अशी सायकल पडून असेल तर आधी टायर आणि केबल बदला. हँडल आणि त्याची मान ॲल्युमिनियमची असते, तिथे तडा आहे का ते उजेडात नीट बघा. बीबी (बॉटम ब्रॅकेट, पायडलचा आस जिथे बसतो तो भाग) इटालियन असेल तर दोन्ही बाजूंचे आटे उजवेच असतात. त्यामुळे चेनच्या बाजूची वाटी सैल होत राहते, ती चांगली आवळा. चाकांचा आउट काढून घ्या. अडलं तर कमेंटमध्ये फोटो टाका. मला जमेल ते सांगेन आणि इथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळीही आहेत.