पाठ केलेलं नाटक पुरे, आता मुलांना सुचेल ते करू द्या

व्हीलचेअरवरच्या मुलांचं नाटक म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच तऱ्हा. बाई संवाद लिहून देतात, मुलं महिनाभर घोकतात, स्नेहसंमेलनात पाहुणे डोळे पुसतात. त्यामागच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण त्या नाटकात मुलांनी स्वतः ठरवलेलं काहीच नसतं, हे मला फार खटकतं.

आधीच या मुलांचा दिवस दुसऱ्यांच्या सोयीने चालतो. उठणं, संडासला जाणं, व्यायाम, सगळं उचलणारा माणूस मोकळा असेल तेव्हा. म्हणून आमच्या गटात मी संहिताच ठेवत नाही. जागा आणि प्रसंग सांगते, पुढचं त्यांनी तिथल्या तिथे रचायचं. कोकणातले दशावतारी कलाकार पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आलेत. कथा ठरलेली, संवाद ऐनवेळी सुचतील तसे.

परवा एसटीचा प्रसंग दिला होता. खुर्चीतल्या एका मुलीला बाकीचे राखीव सीटवर बसवायला निघाले, तर ती म्हणाली, "मी कंडक्टर आहे. सुट्टे काढा!" मग तिने अख्खी गाडी दमात घेतली आणि एका विनातिकीट पोराला भर घाटात उतरायला सांगितलं. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, शब्द फुटायला वेळ लागतो. आमच्याकडे एक नियम कडक आहे: दुसऱ्याचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही. सगळी बस थांबून राहिली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ड्रायव्हर... माझा मामा आहे." पोरं हसून लोळली.

हे औषध नव्हे, फिजिओथेरपीला पर्यायही नव्हे. पण हाच मुलगा आता दवाखान्यात डॉक्टरांनी आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देतो.

आणि याकडे नुसती हौस म्हणून बघू नका. लंडनची ग्रे-आय ही नाट्यसंस्था 1980 मध्ये सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी नबील शबान स्वतः व्हीलचेअर वापरणारे नट. तिथे अपंग कलावंत व्यावसायिक रंगभूमीवर काम करतात.

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 29 सांस्कृतिक जीवनात सहभागाचा हक्क देतं. तरी मी पाहिलेल्या बऱ्याच नाट्यगृहांत रॅम्प फक्त प्रेक्षकांसाठी आहे. मेकअप रूमपासून रंगमंचापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. म्हणजे आमच्या पोरांनी यायचं ते फक्त बघायला? तुमच्या गावच्या रंगमंचावर व्हीलचेअर जाते का, एकदा जाऊन बघा आणि मला कळवा. यादी करू आणि मुलांना सोबत घेऊनच नगरपालिकेत जाऊ.