घमेल्याच्या भरवशावर

नवऱ्याच्या नोकरीपायी लिस्बनला जायचं ठरलं तेव्हा फोंड्यात कुणालाच माझी काळजी वाटली नाही. "भाषेचं तुला काय अडणार गो?" काका सोप्यावर बसून म्हणाले. "बटाटा त्यांचा, चावी त्यांची, कोबी, अननस, पिंप, घमेलं, सगळं त्यांचंच. अर्धी पोर्तुगीज तुला हांगाच येते!" मलाही पटलं. घमेल्याच्या भरवशावर परदेशी निघालेली मी बहुधा पहिलीच बाई.

पहिल्या सकाळी पाव आणायला निघाले. फोंड्यात पोदेर भोंपू वाजवत दारात येतो, तिथे आपणच त्याच्या दारात जायचं. काचेच्या दारावर रोमनमध्ये 'पुश' लिहिलेलं, मधलं अक्षर एक्स. एक्सचा उच्चार श, हे गोव्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मी ऐटीत ढकललं. दार हलेना. खांदा लावला. आतली गिऱ्हाइकं कॉफी सोडून माझ्याकडे बघू लागली. शेवटी एक आजोबा उठले आणि त्यांनी दार उलट्या बाजूला उघडून दाखवलं. त्या 'पुश'चा अर्थ 'ओढा'.

आत जाऊन म्हटलं, "दोइश पाव." बाईने भुवया उंचावल्या. मी आवाज चढवून पुन्हा तेच. मागाहून कळलं, तिथला पाव नाकातून येतो. नाक वगळलं की त्याचा अर्थ काठी. म्हणजे भल्या सकाळी मी बेकरीत दोन दांडकी मागत होते. आमची कोकणी नाकातून गुणगुणते म्हणून देशावरचे पाहुणे हसतात, आणि नेमका पावच आम्ही कोरडा ठेवला! (दोन असले की तो 'पाँइश' होतो, हे कळायला आणखी आठवडा गेला.)

पैसे देताना तिने विचारलं, "कोंत्रिबुइंत?" आली वर्गणी, म्हटलं. गणपतीची सवय. बरणी काही दिसेना, म्हणून अर्ध्या युरोचं नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिने ते अदबीने परत केलं. तिला हवा होता माझा नऊ आकडी करदाता क्रमांक. घरभाड्याच्या करारालाही तोच आणि कॉफीच्या बिलावरही तोच.

'पगार' या शब्दाने तर घातच केला. पार्किंगच्या यंत्रावर, वेबसाइटच्या बटणावर, जिथे बघावं तिथे 'पगार'. आपल्याकडे तो येतो, तिकडे तो द्यायचा असतो. बोटीतून उतरताना हा शब्द पालथा पडला असावा.

खरी फजिती बाकल्यावने केली. दुकानात वाळवलेल्या, मीठ लावलेल्या माशाच्या फळ्या रचलेल्या. तो वास नाकात गेला आणि मला आमची पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, कोठी आठवली. आमचं खारं, सुकी मासळीच की हे! तुकडा आणला, तसाच भाजला, कांदा, खोबरं, मिरची, चिंच घालून झकास किस्मूर केलं. नवऱ्याने एक घास खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत नुसतं पाणी प्यायला.

वास मात्र जिनाभर. खालच्या मजल्यावरची म्हातारी दार वाजवत आली. तिने पातेल्यात डोकावून कपाळाला हात लावला, मग खुणांनी समजावू लागली: आधी भिजत घालायचं, पाणी बदलायचं, पुन्हा बदलायचं, दोन दिवस. बोलता बोलता म्हणाली, "बाल्द."

बाल्दी! मी आनंदाने ओरडलेच. महिन्याभरात पहिल्यांदा समोरच्याच्या तोंडून माझा शब्द आला होता. त्या भरात माझा हुकमाचा एक्काही टाकला, "घमेलं?"

म्हातारी आधी गोंधळली, मग "गामेला?" म्हणून जी हसत सुटली, ती कठड्याला धरूनच खाली गेली. गामेला म्हणजे तिकडे डुकरांना चारायची लाकडी द्रोणी.

आता चवथीला घरी आले आहे. सोप्यावरून काकांनी विचारलंच, "किते गो, जमली मगो भाषा?"

म्हटलं, "घमेल्यापर्यंत पोचलेय."