एमआरआयचं चुंबक ‘बंद’ नसतं : एका फॉरवर्डला उत्तर

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ‘एमआरआय करण्याआधी हे वाचाच.’ त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: खडखड आवाज चालू असेपर्यंतच चुंबक चालू असतं, आवाज थांबला की आत जायला हरकत नाही. काही अडकलंच तर टेक्निशियन बटण दाबून मशीन बंद करतो. मंगळसूत्र, दातात भरलेली चांदी, सगळं खेचलं जातं. रक्तातलं लोह ओढलं जातं आणि माणूस अशक्त होतो. पायात रॉड किंवा हृदयात स्टेंट असेल तर एमआरआय म्हणजे मरणच.

मी ठाण्यात एमआरआय टेक्निशियन आहे. हा मेसेज उघडून मोबाइल माझ्यापुढे धरणारे नातेवाईक आता नेहमीचेच झालेत. (तो मोबाइलही बाहेरच ठेवायचा असतो, हे वेगळं.) मेसेजने भीती चुकीच्या जागी घातलीय आणि धीर त्याहून चुकीच्या जागी दिलाय. म्हणून आधी धीराचं बघू.

‘आवाज थांबला की चुंबक बंद.’ साफ खोटं. तो खडखडाट मुख्य चुंबकाचा नाहीच. आत ग्रेडियंट कॉइल नावाची वेगळी वेटोळी असतात, त्यांतला प्रवाह झटपट बदलताना ती थरथरतात, त्याचा तो आवाज. मुख्य चुंबक अगदी मुकं असतं. आपल्याकडच्या बहुतेक मशीनमध्ये ते नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं असतं आणि द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेलं असतं. एवढ्या थंडीत तारेला विजेचा रोधच उरत नाही. एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. महावितरणचा शटडाउन असो, रविवारची रात्र असो, सेंटरला कुलूप असो, चुंबक आहे तिथे आहे. लाइट गेली तर स्कॅन थांबतो, ओढ थांबत नाही.

ही ओढ किती? चुंबकाची ताकद टेस्लामध्ये मोजतात. नेहमीचं मशीन १.५ टेस्लाचं, काही ठिकाणी ३ टेस्लाचं. होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात साधारण ४० मायक्रोटेस्ला (मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग) भरतं. म्हणजे १.५ टेस्ला झालं त्याच्या ३५ ते ४० हजार पट.

‘मशीन बंद आहे’ या समजुतीने काय होतं ते मुंबईने पाहिलंय. जानेवारी २०१८ मध्ये नायर रुग्णालयात पेशंटसोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, सिलिंडरसकट मशीनकडे खेचला गेला आणि दगावला. मशीन बंद असल्याचं आम्हाला सांगितलं होतं, असं नातेवाइकांचं म्हणणं होतं.

‘हातात घट्ट धरलं की झालं’ असं सांगणारे पेशंटचे भाऊ, मेहुणे भरपूर भेटतात. त्यांना एक गोष्ट माहीत नसते. ही ओढ सावकाश वाढत नाही. दारात काही म्हणजे काही जाणवत नाही. दोन पावलं पुढे हात जरा जड वाटतो, आणि त्यापुढच्या पावलाला वस्तू हातात नसते. मशीनच्या तोंडापाशी चुंबकीय क्षेत्र फार थोड्या अंतरात चढतं आणि ते जितकं झपाट्याने चढतं तितका हिसका मोठा. शिवाय लोखंड जितकं जास्त तितकी ओढ जास्त, त्यामुळे वजनदार वस्तू जागची हलणार नाही हा हिशेबच उलटा आहे. सिलिंडर, व्हीलचेअर, स्ट्रेचर, सफाईवाल्या मावशींची लोखंडी बादली, ही खरी धोक्याची यादी. पेशंटला ऑक्सिजन लागतच असेल तर भिंतीतल्या पाइपलाइनवरून लांब नळी आणतात किंवा एमआरआयसाठीच केलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर वापरतात. वॉर्डातून सोबत आलेला सिलिंडर दाराबाहेरच राहतो.

आता ते ‘बटण’. बटणं बहुधा दोन असतात आणि गोंधळ इथेच होतो. एक वीज तोडतं. त्याने कॉम्प्युटर, टेबल, स्कॅन सगळं बंद पडतं, चुंबकाला काही होत नाही. दुसरं क्वेंचचं, म्हणजे चुंबकत्वच उतरवण्याचं. ते दाबलं की हेलियम उकळून त्याचा वायू होतो, आकारमानाने जवळपास ७०० पट, आणि जाड पाइपातून इमारतीबाहेर जातो. ओढ एक-दोन मिनिटांत उतरते. तो पाइप तुंबलेला असेल तर वायू खोलीतच भरतो आणि श्वासाला ऑक्सिजन उरत नाही. नंतर हेलियम भरणं आणि चुंबक पुन्हा चढवणं हे काही दिवसांचं आणि लाखो रुपयांचं काम. म्हणून नुसती खुर्ची चिकटली तर हे बटण कोणी दाबत नाही, माणूस अडकला तर दाबायचंच.

आणि बटण आहे म्हणजे सुटका आहे, असंही समजू नका. नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, नोव्हेंबर २०१४ मध्ये एक वॉर्डबॉय आणि एक टेक्निशियन सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये सापडले. चुंबकत्व उतरवून त्यांना सोडवेपर्यंत सुमारे चार तास गेले.

मंगळसूत्राचं काय? सोनं चुंबकाला चिकटत नाही, चांदीही नाही. तरी आम्ही काढायला सांगतो, कारण स्कॅन करताना मशीन सोडतं त्या रेडिओलहरींनी धातूची साखळी तापून कातडी भाजू शकते आणि आजूबाजूचं चित्र बिघडतं. पण काकू, खरी भानगड वाट्यांची नाहीच. मंगळसूत्राला अडकवून ठेवलेल्या सेफ्टी पिनांची आहे. वेळेला असावी म्हणून दोन-तीन पिना तिथे लटकतच असतात. मशीनजवळ आलं की त्या छातीवरून उठून मशीनच्या दिशेने ताठ उभ्या राहतात, अंगाला टेकायचं नावच घेत नाहीत. ते एकदा पाहिलेल्या बाईला पुढचं काही समजवावं लागत नाही. तेच केसातल्या आकड्यांचं, तेच खिशातल्या एक-दोन रुपयांच्या नाण्यांचं. ती नाणी स्टीलची असली तरी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत. मास्कच्या नाकावरची तारही काढा, तिने चेहरा भाजू शकतो.

दातातली चांदी उपटून येत नाही. फार तर तोंडाजवळचं चित्र थोडं काळवंडतं.

रक्तातल्या लोहाची तर काळजीच सोडा. प्रौढ माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, तेही प्रथिनांमध्ये अणू-अणूने विखुरलेलं. खिळ्यातल्या लोखंडासारखं ते एकगठ्ठा ओढलं जात नाही. ऑक्सिजनवालं आणि ऑक्सिजन सोडलेलं रक्त चुंबकाला किंचित वेगळा प्रतिसाद देतं, एवढ्याशा फरकावर मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारा एफएमआरआय उभा आहे. स्कॅननंतर अशक्तपणा वाटला तर उपाशीपोटी बसवून ठेवलं होतं का ते आधी विचारा.

रॉड-स्टेंटवाल्यांना या मेसेजने सगळ्यात जास्त छळलंय. टायटॅनियमचा रॉड किंवा प्लेट, गुडघ्याचा सांधा, आजचे बहुतेक कोरोनरी (हृदयाच्या रक्तवाहिनीतले) स्टेंट, कॉपर-टी, यांना एमआरआय सहसा चालतो. काही पेसमेकरही आता एमआरआयला चालतील असे येतात, पण अटी पाळून आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. जुना पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली जुनी क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशनने कानात बसवलेलं यंत्र), इथे मात्र कार्ड किंवा ऑपरेशनची फाइल दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत. ती फाइल गावाला राहिली असेल तर फोटो मागवा. ‘बहुतेक टायटॅनियमच आहे’ यावर कोणी सही देणार नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट अजिबात नाही आणि ठाण्यात तर ती असायलाच हवी होती. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे, इथे ग्राइंडरवर, लेथवर, वेल्डिंगवर आयुष्य काढलेली माणसं घराघरांत आहेत. डोळ्यात कधी काळी उडालेला लोखंडाचा कण तिथेच राहून गेलेला असू शकतो आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. मशीनजवळ तो कण हलतो. असा कण हलून डोळ्यात रक्तस्राव झाल्याची नोंद १९८६ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. फॉर्मवर ‘धातूशी संबंधित काम केलं आहे का, डोळ्याला इजा झाली होती का’ हा प्रश्न त्यासाठी असतो. मुलगा बाबांच्या वतीने फॉर्म भरतो आणि सगळीकडे ‘नाही’वर टिक करून मोकळा होतो. बाबांना विचारून भरा. उत्तर ‘हो’ असेल तर आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात, त्यात काही दिसलं नाही की एमआरआय त्याच दिवशी होऊ शकतो.