स्लायडर सरकवला म्हणजे प्रयोग झाला?

या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला, आणि या वेळी थेट ताईकडून. ‘आता प्रयोगशाळेची गरजच नाही! आमच्या अ‍ॅपवर मूल स्वतःच शोध लावतं, प्रयोग कधी चुकत नाही, शिक्षकही नकोत. सवलत आजच संपते!’ खाली ताईची ओळ: ‘घेऊ का रे?’

प्रयोग कधी चुकत नाही म्हणे! अहो, तीच तर तक्रार आहे. रविवारी भाचा त्याच अ‍ॅपच्या फुकट ट्रायलवर लंबक हलवत होता. त्याने दोऱ्याची लांबी वाढवली, लगोलग गोळ्याचं वजनही वाढवलं. झोका मंदावला. निष्कर्ष: ‘जड गोळा हळू हलतो.’ अ‍ॅपने तीन तारे दिले, वर फटाके.

मग मीटरभर दोऱ्याला कुलूप बांधून खिडकीच्या गजाला टांगलं. दहा झोके, मोबाइलचं स्टॉपवॉच. 20.3 सेकंद, 19.8, 20.1. ‘मामा, दर वेळी वेगळं का येतंय?’ हा प्रश्न अ‍ॅपवर त्याला कधी पडलाच नसता. मग एकाऐवजी दोन कुलपं बांधली, दोरा तेवढाच. पुन्हा वीसच्याच आसपास. वहीतलं वाक्य त्याने स्वतःच खोडलं.

‘मूल स्वतःच शोध लावतं’ याचा निकाल जुनाच आहे. डी याँग आणि फान योलिंगन यांनी 1998 मध्ये संगणकावरच्या अशा प्रयोगांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. मोकळं सोडलं की शिकणारे तर्क मांडतानाच अडतात, चार गोष्टी एकदम बदलतात, आपलंच म्हणणं खरं ठरेल असे प्रयोग निवडतात. म्हणजे आमचा भाचाच! नीट बनवलेलं सॉफ्टवेअर आधी अंदाज लिहून घेतं, नोंदींचा तक्ता समोर ठेवतं, दोन गोष्टी एकदम हलवल्या की विचारतं, ‘फरक कशामुळे पडला, कसं ठरवशील?’ या अ‍ॅपमध्ये आकडा टिपायलाही जागा नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य. 2005 च्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या अभ्यासात संगणकावर सर्किट जोडलेले विद्यार्थी खरं सर्किट जोडण्यातही सरस ठरले. तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना पडद्यावरच दिसतात. पण तिथे शिकवणारे हजर होते. आणि त्यांनी वापरलेलं, आभासी प्रयोगांचं ‘फेट’ सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठीतही.

सवलतीचं काय सांगू, ती दर मेसेजात ‘आजच’ संपते.

तेव्हा ताई, पैसे भरू नकोस. आणि दुसऱ्या कुलपाची किल्ली सापडत नाहीये, चिरंजीवांचे खिसे तेवढे तपास.