‘गळा काढू नये’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. ‘सिल्व्हर स्पून’ या जपानी चित्रकथेवरच्या (मांगा म्हणतात तिला) माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. आधी चूक कबूल करतो: या मालिकेचे खंड १४ नाहीत, १५ आहेत. दुरुस्ती केली. आभार.

आता तुमचं ते वाक्य. ‘ज्याने दोन एकर कसले नाहीत त्याने जपानी चित्रं बघून गळा काढू नये.’ मत वेगळं असू द्या की, पण गळा काढणं? घरी आलेल्या पाहुण्याशी असं बोलता का तुम्ही?

माण तालुक्यात आमची साडेतीन एकर आहे. कसली वडिलांनी, हे खरं. मी सुट्टीत धारा काढल्या, शेण भरलं, आणि बारावीला मेडिकल हुकल्यावर कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात पडलो. तुमचा आक्षेप तर या गोष्टीच्या नायकालाच लागू होतो. हाचिकेन साप्पोरोचा, शहरातला. अभ्यासाच्या शर्यतीत मागे पडला, घरापासून लांब राहायला मिळावं म्हणून जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या कृषी शाळेत आला. गळा तोही काढत नाही. डुकराच्या ज्या अशक्त पिलाला त्याने ‘बुतादोन’ नाव दिलं, त्याचंच मांस सुट्टीतल्या मजुरीच्या पैशांनी विकत घेतो आणि बेकन करून मित्रांना वाढतो. वाचलंय ना हे?

मला मात्र रात्री दोन वाजता पुस्तक मिटावं लागलं ते हाचिकेनचा वर्गमित्र कोमाबापाशी. कर्ज फिटत नाही, गोठा रिकामा होतो, पोरगं शाळा सोडतं. आणि त्या कर्जाला जामीन राहिलेल्या मिकागे कुटुंबाला घोडे विकावे लागतात. माझे वडील चुलत्यांना सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिले होते. चुलते थकले, हप्ते आमच्याकडे आले. मी अकरावीत. दोन म्हशी बाजारात गेल्या. त्यातली थोरली माझ्याशिवाय कुणाला पान्हवत नसे, टेम्पोतही माझ्याशिवाय चढेना. म्हणून मीच चढवली. तुम्हाला ती चित्रं वाटत असतील, वाटोत.

ही मालिका काढणाऱ्या हिरोमु अराकावा होक्काइदोच्या दुभत्या घरातल्या. टोकियोला जाण्याआधी सात वर्षं घरच्या शेतावर राबल्या. त्यांच्याकडेही सातबारा मागणार का?

बाकी तुमचं ते, तिथली मोठाली शेतं, यंत्रं, आपलं कोरडवाहू, त्यामुळे तुलनाच चुकीची, वगैरे. तो विषय वेगळा आहे, पुन्हा कधीतरी. ‘मराठी पुस्तकांवर का लिहीत नाही’ याला उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही. जुने लेख चाळा, दिसतील.

आणि पुढच्या वेळी नाव घालून लिहा. तुमची दोन एकर कुठल्या शिवारात आहेत तेही कळू द्या.