‘रुंदी-उंची म्हणजे दोन आकडेच’ या दाव्याचा प्रतिवाद

ग्राफिकल इंटरफेस, म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या आणि बटणे, लिहायला शिकणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. सी प्लस प्लसच्या क्यूटी या लायब्ररीमधला (तयार कोडच्या संचातला) क्यूसाइझ, जावातला डायमेन्शन, ॲपलचा सीजीसाइझ असे रुंदी आणि उंची एकत्र बांधणारे टाइप (माहितीचे प्रकार) म्हणजे लायब्ररी लिहिणाऱ्यांनी वाढवून ठेवलेली अडगळ आहे आणि दोन साधे पूर्णांक सर्व कामांना पुरतात, असे त्याचे म्हणणे आहे. त्याखाली पाच मुद्दे दिलेले आहेत. बिंदू आणि आकारमान ही एकच गोष्ट आहे. ‘अवैध’, ‘शून्य’ आणि ‘रिकामे’ हे भेद निरर्थक असून ऋण आकडा दिसला की त्याचे शून्य करून मोकळे व्हावे. प्रमाण राखून लहान-मोठे करणे हे एका ओळीचे काम आहे. दोन आकारमानांची तुलना क्षेत्रफळाने करावी. आणि हे टाइप प्रोग्रॅम मंद करतात. माझ्या भाचीने या मजकुरावर भरवसा ठेवून आपल्या व्यवस्थित चालणाऱ्या प्रोग्रॅममधून क्यूसाइझ जागोजागी उपटून काढला, आणि मग खिडक्या चुकीच्या आकाराने का उघडतात हे शोधत बसली. नवशिक्याला इतक्या ठामपणे चुकीचे सांगणाऱ्यांनी निदान त्या लायब्ररीचे दस्तऐवज एकदा उघडून पाहायला हवे होते.

सर्वांत घातक मुद्दा दुसरा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. क्यूटीच्या दस्तऐवजात क्यूसाइझविषयी जे लिहिले आहे ते निःसंदिग्ध आहे. काहीही न देता क्यूसाइझ तयार केला, तर त्याची रुंदी आणि उंची दोन्ही उणे १ असतात आणि असे आकारमान अवैध समजले जाते. इझव्हॅलिड हे फंक्शन दोन्ही बाजू शून्य किंवा त्याहून मोठ्या असतील तरच होकार देते. इझनल दोन्ही बाजू नेमक्या शून्य असतील तरच होकार देते. इझएम्प्टी मात्र दोहोंपैकी एक जरी बाजू शून्य किंवा ऋण असेल, तरी होकार देते. हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी येतात. उणे १ आणि उणे १ असे आकारमान घेतले तर ते रिकामे आहे, पण शून्य नाही आणि वैधही नाही. शून्य बाय शून्य हे वैध, शून्य आणि रिकामे असे तिन्ही आहे. बाजूची पट्टी पूर्ण मिटवली की तिची रुंदी शून्य आणि उंची समजा २०० पिक्सेल उरते. हे आकारमान वैध आहे, शून्य नाही, आणि तरीही त्यात रंगवण्यासारखे काही नाही. म्हणजे ‘मला माहीतच नाही’, ‘मला माहीत आहे आणि ते शून्य आहे’ आणि ‘रंगवायला जागा नाही’ ही तीन स्वतंत्र विधाने आहेत, आणि मजकूर लिहिणारा तिन्ही एकाच शून्यात कोंबायला सांगतो.

त्याचा परिणाम काय होतो हे ॲडजस्टसाइझ या फंक्शनवरून स्पष्ट दिसते. प्रत्येक विजेटला (बटण, पट्टी अशा पडद्यावरच्या घटकाला) साइझहिंट असतो, म्हणजे त्याला किती जागा बरी वाटते हे सांगणारे आकारमान. विजेटला लेआउट (आतल्या घटकांची मांडणी करणारी व्यवस्था) नसेल तर क्यूटीचा मूळ साइझहिंट अवैध आकारमान परत करतो, आणि त्याचा अर्थ ‘माझी काही शिफारस नाही’ असा दस्तऐवजातच दिलेला आहे. ॲडजस्टसाइझ हा साइझहिंट तपासतो. तो वैध असेल तर तोच वापरतो, आणि वैध नसेल तर आतले सर्व घटक मावतील एवढा आयत काढून विजेटला तो आकार देतो. आता फिरत्या मजकुराप्रमाणे कोणी साइझहिंट स्वतः लिहिताना ‘ऋण आला तर शून्य’ अशी काळजी घेतली, तर अवैध असलेले आकारमान शून्य बाय शून्य होते, म्हणजेच वैध होते. ॲडजस्टसाइझ त्या शून्यावर विश्वास ठेवतो आणि आतल्या घटकांकडे बघतही नाही. कंपायलर (कोड तपासून यंत्रभाषेत बदलणारा प्रोग्रॅम) तक्रार करत नाही, प्रोग्रॅम कोसळत नाही, फक्त आतली बटणे कापली जातात. चूक ज्या ओळीत आहे ती ओळ वाचायला अगदी शहाणपणाची वाटते, म्हणूनच ती सापडायला वेळ लागतो.

हा क्यूटीचा एकट्याचा लहरीपणा आहे असेही कोणी समजू नये. अँड्रॉइडच्या लेआउटमध्ये उणे १ म्हणजे ‘पालकाएवढे व्हा’ आणि उणे २ म्हणजे ‘आतल्या मजकुरापुरते व्हा’. डब्ल्यूएक्सविजेट्स या इंटरफेस-लायब्ररीत उणे १, उणे १ म्हणजे ‘तुम्हीच ठरवा’. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या इंटरफेस-लायब्ररीत रिकाम्या आकारमानाच्या दोन्ही बाजू ऋण अनंत असतात, तर त्याच कंपनीच्या जुन्या ड्रॉइंग लायब्ररीत त्याच नावाचे आकारमान साधे शून्य बाय शून्य आहे. दर ठिकाणी संकेत वेगळा आहे, आणि तो संकेत टाइपच्या पोटात लपवून त्याला नाव देता येते हाच तर टाइपचा फायदा आहे. नुसते दोन पूर्णांक हातात घेतले की प्रत्येक उणे १ चा अर्थ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने डोक्यात ठेवायचा, आणि सहा महिन्यांनी तो कोड वाचणाऱ्याने तो अंदाजाने ओळखायचा. एवढे मात्र मान्य करावे लागते की क्यूटीने निवडलेली नावे नवख्याला गोंधळात टाकतात. नव्याकोऱ्या, काहीही न भरलेल्या क्यूसाइझला इझनल विचारल्यावर नकार यावा, हे कोणालाही पहिल्या वाचनात पटणार नाही. पण नाव अवघड आहे म्हणून भेदच पुसून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रमाण राखण्याची ‘एक ओळ’ आता पाहू. मजकुरातले सूत्र असे आहे: जुन्या रुंदीला जुन्या उंचीने भागून गुणोत्तर काढा, आणि नव्या रुंदीला त्या गुणोत्तराने भागून नवी उंची मिळवा. १९२० बाय १०८० चे चित्र ४०० बाय ४०० च्या चौकटीत बसवायचे आहे असे धरा. सी प्लस प्लस किंवा जावामध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, त्यामुळे १९२० भागिले १०८० याचे उत्तर १ मिळते, नवी उंची ४०० येते आणि चित्र चौकोनी होऊन ताणले जाते. ज्या मजकुरात ‘दोन पूर्णांक पुरतात’ असे ठासून सांगितले आहे, त्याच मजकुरातले सूत्र पूर्णांकांवर चालत नाही. दशांश वापरून ही चूक सुधारली तरी पुढची उरतेच. आडव्या चित्राला ४०० बाय २२५ असे बरोबर उत्तर मिळेल, पण तेच चित्र उभे असेल, म्हणजे १०८० बाय १९२०, तर रुंदी ४०० धरल्यावर उंची ७११ येते आणि चित्र चौकटीबाहेर जाते. कोणती बाजू आधी अडेल हे पाहूनच ठरवावे लागते. शिवाय चौकटीत मावणे आणि चौकट पूर्ण भरून जास्तीचे कापणे या दोन वेगळ्या गरजा आहेत. क्यूसाइझच्या स्केल्ड या फंक्शनला यासाठी तीन पर्याय दिलेले आहेत: प्रमाण सोडून द्या, प्रमाण राखून आत बसवा, किंवा प्रमाण राखून चौकट भरा. मूळ आकारमानाची एक बाजू शून्य असेल तर ते फंक्शन भागाकाराच्या वाटेला न जाता थेट मागितलेला आकार परत करते. चित्र अजून लोड झालेले नसताना त्याची उंची शून्य असणे ही रोजची गोष्ट आहे, आणि त्या ‘एका ओळी’त तिथे शून्याने भागाकार होतो.

इथे टाइपची बाजू घेणाऱ्यांनीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पूर्णांकी आकारमानाला अपूर्णांकाने गुणले की क्यूसाइझ उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणतो. ५ पिक्सेलची बाजू निम्मी केली की ३ होते, आणि पुन्हा दुप्पट केली की ६. दर वेळी १० टक्के लहान करत गेल्यास ५ पिक्सेलची बाजू ५ वरच अडून बसते, कारण साडेचारचे पुन्हा ५ होतात. यातून क्यूसाइझ वाचवत नाही; मूळ आकारमान आणि झूमचा गुणक वेगवेगळे जपावे लागतात, किंवा मधली गणिते क्यूसाइझएफ या दशांशी भावंडात करावी लागतात. पण नुसत्या दोन पूर्णांकांनी ही अडचण तसूभरही कमी होत नाही.

क्षेत्रफळाने तुलना करण्याचा सल्ला तर एका उदाहरणात निकालात निघतो. १००० बाय १ या पट्टीचे क्षेत्रफळ १००० आहे आणि ४० बाय ४० या चौकोनाचे १६००. क्षेत्रफळाच्या हिशोबाने पट्टी ‘लहान’ ठरते, पण ती त्या चौकोनात मावणार नाही हे उघड आहे. आकारमानांना एका रांगेत लावणारा क्रमच नसतो, आणि म्हणून क्यूसाइझमध्ये ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह दिलेलेच नाही. त्याऐवजी बाउंडेडटू आणि एक्सपांडेडटू ही दोन फंक्शने आहेत. पहिले प्रत्येक बाजूची स्वतंत्रपणे लहान किंमत घेते, दुसरे मोठी. किमान आणि कमाल मर्यादा पाळायला नेमके हेच लागते. शिवाय ३२ बिटांच्या पूर्णांकात ४६,३४१ पिक्सेल बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ मावत नाही, त्यामुळे मोठ्या नकाशाच्या किंवा स्कॅनच्या बाबतीत ही तुलना चुकीच्या आकड्यांवर होऊ शकते.

बिंदू आणि आकारमान एकच, या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. ॲपलचे दस्तऐवज स्वतःच सांगतात की सीजीसाइझ कधी कधी अंतराचा सदिश म्हणून वापरला जातो आणि तेव्हा त्याच्या किमती ऋण असू शकतात. पण त्यावरून ‘जागा’ आणि ‘मोठेपणा’ यांची अदलाबदल करावी असा निष्कर्ष निघत नाही. खिडकी सरकवली तर बिंदू बदलतो, आकारमान बदलत नाही; स्क्रीन आडवी केली तर आकारमानाच्या बाजू उलटतात, बिंदूचे वेगळेच गणित होते. फंक्शनला चार पूर्णांक द्यायचे असतील तर त्यांचा क्रम चुकला तरी कंपायलर गप्प राहतो. एक बिंदू आणि एक आकारमान द्यायचे असेल तर तो तिथेच अडवतो. रुंदीच्या जागी उंची लिहिली तर मात्र आकारमानाचा टाइपही ती चूक पकडू शकत नाही, हे खरे आहे. पायथनमध्ये चित्रांवर काम करणाऱ्यांना याचा अनुभव असतो: नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या चित्राचा शेप (मापे) आधी उंची सांगतो, तर ओपनसीव्ही या चित्रांच्या लायब्ररीचे रिसाइझ हे फंक्शन आधी रुंदी मागते. दोन्हीकडे निनावी आकड्यांची जोडीच असल्यामुळे, चाचणीचे चित्र चौरस असेल तर ही उलटापालट लक्षातही येत नाही. नाव दिलेली रुंदी आणि नाव दिलेली उंची असती तर ती वाचतानाच डोळ्यांत भरली असती.

राहिला वेगाचा मुद्दा. जावापुरता त्याला थोडा आधार आहे. तिथे घटकाला गेटसाइझ विचारले की दर वेळी नवा डायमेन्शन तयार होतो, आणि ते टाळायचे असेल तर आधीच हाताशी असलेला डायमेन्शन देऊन भरून घेण्याची सोय त्याच लायब्ररीत ठेवलेली आहे. सी प्लस प्लसमध्ये मात्र क्यूसाइझ म्हणजे शेजारी ठेवलेले दोन पूर्णांकच, एकूण आठ बाइट. त्याला वेगळी मेमरी मागावी लागत नाही. अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोझ या लायब्ररीत तर आकारमानाच्या दोन दशांश संख्या एकाच ६४ बिटांच्या संख्येत बांधून ठेवल्या आहेत. ज्या भाचीच्या प्रोग्रॅममधून हे टाइप ‘वेगासाठी’ काढले गेले, तो सी प्लस प्लसमध्येच लिहिलेला होता.