साखर तपासायच्या पट्टीवर लक्ष कोणाचं?

आई मिरजेला असते, मी पुण्यात. वय ७१, जेवणाआधी इन्सुलिन घेते. घरच्या मशीनवर किती साखर आली की किती युनिट घ्यायचे, याचा तक्ता डॉक्टरांनी लिहून दिलाय. तो फ्रिजच्या दाराला चिकटवलेला असतो. आकडा आला की आई तक्त्यावर बोट ठेवते आणि तिथे लिहिलेले युनिट घेते.

मे महिन्यात तिने पट्ट्यांची नवीन डबी उघडली. तीन दिवस सगळे आकडे चढे. तिसऱ्या रात्री जेवणाआधी २७४ आले, तिने तक्त्याप्रमाणे इन्सुलिन वाढवून घेतलं. साडेबाराला बाबांना जाग आली तेव्हा ती घामाने निथळत होती, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. जास्तीच्या इन्सुलिनने साखर फार उतरली होती. बाबांनी साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. सकाळी लॅबमध्ये रक्त दिलं आणि तिथेच बसून घरचं मशीनही लावलं. लॅब १६८, मशीन २४१. दुसऱ्या दुकानातून त्याच कंपनीची डबी आणली, तिची पट्टी लावली तर १७५. मशीन ठीक होतं, ती डबी खराब होती.

आंतरराष्ट्रीय निकष सांगतो की साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १०० पैकी किमान ९५ वेळा घरचा आकडा लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत हवा. म्हणजे १६८ ला फार तर १९३. पट्टीवर एन्झाइम असतं, ते उष्णतेने आणि दमट हवेने बिघडतं. आमची डबी कारखान्यातच बिघडलेली होती, गोदामात की दुकानातल्या उन्हात, हे आता कोणीच सांगू शकत नाही. कंपनीला फोन केला तर 'कंट्रोल सोल्युशन लावून बघा' म्हणाले. पट्टी बरोबर चालते का ते तपासायचं हे द्रावण. मिरजेत चार मेडिकलमध्ये विचारलं, एकाकडेही नव्हतं.

आता किमतीचं बघा. मशीन स्वस्तात मिळतं, पण त्याला पट्टी त्याच कंपनीची लागते. आम्हाला एक पट्टी साधारण वीस रुपयांना पडते. दिवसातून तीनदा तपासायचं तर महिन्याला अठराशे रुपये. म्हणून आई दुपारची तपासणी टाळते, मला फोनवर सांगत नाही. कॅलेंडरवर ती आकडे लिहिते, तिथे दुपारचे रकाने कोरे दिसतात तेव्हा कळतं.

सरकारला हे जमत नाही असं नाही. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने पाच वस्तूंवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर बांधला होता: ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर. त्याआधी हा नफा ७०९ टक्क्यांपर्यंत जात होता, हे सरकारनेच सांगितलंय. पण त्या पाच नावांत पट्टीचं नाव नव्हतं. मशीन एकदा घ्यायचं असतं, पट्टी आयुष्यभर! १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणं कायद्याने 'औषध' धरली जातात, त्यामुळे छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पण पहिलीच किंमत भरमसाट छापली तर त्या नियमाचा आम्हाला काय उपयोग? २२ सप्टेंबर २०२५ पासून पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेवढा दिलासा खरा.

माझं म्हणणं एवढंच आहे. पट्टीच्या किमतीला कमाल मर्यादा घाला. दुकानातल्या फळीवरून डब्या उचला, लॅबच्या आकड्याशी ताडून पाहा आणि निकाल डबीवरच्या लॉट नंबरसकट (कोणत्या खेपेचा माल ते सांगणारा आकडा) जाहीर करा. परवाना देताना कंपनीने पाठवलेला नमुना आणि मे महिन्यात मिरजेत विकली जाणारी डबी यांत फार अंतर असतं. आणि प्रत्येक डबीसोबत कंट्रोल सोल्युशन सक्तीचं करा.

प्राधिकरणाला आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला (एफडीए) मी पत्र लिहितेय. त्यासाठी तुमची मदत हवी आहे. तुमच्या गावात एक पट्टी कितीला पडते, आणि घरचा आकडा लॅबशी कधी ताडून पाहिला असेल तर दोन्ही आकडे, खाली लिहा. डबी टाकून दिली नसेल तर लॉट नंबरही.